क्रूझ कंपनी बदलताना: डिपॉझिट सोडायचं की तारीख बदलायची?

आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार म्हणून आम्ही सहा जणांनी भूमध्य समुद्रातली सात रात्रींची क्रूझ ठरवली. मी, नवरा आणि आई-बाबा पुण्याहून, दादा-वहिनी न्यू जर्सीहून. सगळ्यांनी बार्सिलोनाला भेटायचं आणि मेच्या मध्यावर बोटीत चढायचं. तीन केबिन, माणशी २५० डॉलर डिपॉझिट. कंपनीच्या वेबसाइटवरून, माझ्या कार्डावर.

ऑक्टोबरात दादाचा फोन आला. ऑफिसातलं मोठं काम नेमकं मेमध्ये आलंय, रजा जूनमध्ये मिळेल, तीही फेब्रुवारीत नक्की होईल. क्रूझला अजून सात महिने होते, त्यामुळे तारीख महिनाभर पुढे ढकलणं ही किरकोळ गोष्ट असेल असं मला वाटलं. चाळीस मिनिटं फोनवर संगीत ऐकल्यावर उत्तर मिळालं: बदलाचे माणशी १०० डॉलर, वर जूनचा आजचा दर, आणि बुकिंग करताना केबिनमागे दिलेलं १५० डॉलरचं बोटीवर खर्चायचं क्रेडिट रद्द. "मॅडम, तुमचं प्रमोशनल फेअर आहे," एवढंच ती मुलगी पुन्हा पुन्हा सांगत होती. दादा म्हणाला, "सोड गं ती कंपनी. दुसरी बघ."

शेवटी आम्ही सोडलीच. पण मधले तीन आठवडे मी जो हिशेब केला, तो फोन ठेवल्या ठेवल्या केला नाही म्हणून बरं झालं. रागाच्या भरात 'कॅन्सल' दाबलं की पुढचं काही मागायचा हक्कच जातो. तेव्हा ज्यांच्यावर ही वेळ आलीय त्यांच्यासाठी, कोणत्या क्रमाने काय करायचं ते लिहिते.

आधी कन्फर्मेशन उघडा आणि तीन गोष्टी शोधा

पहिली, डिपॉझिट परत मिळणारं आहे की नाही. बऱ्याच कंपन्या एकाच केबिनला दोन दर लावतात. स्वस्त दराचं डिपॉझिट परत मिळत नाही, थोड्या महाग दराचं मिळतं. वेबसाइटवर स्वस्त दर आधीच निवडलेला असतो आणि आपण पुढे-पुढे दाबत जातो. नियम माझ्याही ई-मेलमध्ये छापलेला होता, मी वाचला नव्हता. त्यामुळे कंपनीवर चिडले असले तरी फसवणूक झाली असं म्हणायला मला तोंड नाही.

दुसरी, पूर्ण पैसे भरायची शेवटची तारीख. कंपनी आणि सफरीच्या लांबीप्रमाणे ही साधारण ७५ ते १२० दिवस आधी असते. कंपनी बदलायची तर या तारखेच्या आत. त्यानंतर रद्द केलं की कपातीची शिडी सुरू होते: काही टक्के, मग निम्मे, मग पाऊण, आणि अगदी जवळ आल्यावर सगळेच.

तिसरी, बुकिंग कोणाच्या नावावर आहे. एजंटमार्फत केलं असेल तर कंपनी तुमच्याशी बोलतच नाही, 'तुमच्या एजंटला विचारा' म्हणते. मग एजंटची स्वतःची रद्द करण्याची फी वेगळी असते, तीही लेखी विचारून घ्या.

यात एक चौथी गोष्ट आम्हाला उशिरा कळली. प्रत्येक केबिनला वेगळा बुकिंग नंबर असेल तर एकच केबिन हलवता किंवा रद्द करता येते. पण एका केबिनमधला एकच माणूस गळाला तर उरलेल्याला बहुतेक वेळा जवळजवळ दोघांचं भाडं पडतं. म्हणून 'आपण जाऊ, दादा राहू दे' किंवा 'बाबा येत नाहीत' असं काही ठरवण्याआधी कोण कोणाच्या केबिनमध्ये आहे ते बघा.

सोडण्याआधी या चार गोष्टी मागून बघा

फोनवरच्या माणसाला पडद्यावर दिसतं तेवढंच तो सांगतो. आपण नेमकं मागितलं तर कधी कधी दुसरा पडदा उघडतो.

एक: त्याच बोटीची, त्याच मार्गाची दुसरी तारीख जुन्या दराने मिळेल का? कोविडच्या काळात याला 'लिफ्ट अँड शिफ्ट' म्हणत. आता सर्रास मिळत नाही, पण विचारायला पैसे पडत नाहीत. दोन: डिपॉझिट जप्त करण्याऐवजी पुढच्या क्रूझचं क्रेडिट द्याल का? तीन: नाव बदलता येईल का? केबिनमधला मूळचा एक माणूस कायम असेल तर दुसऱ्याचं नाव बदलू देणाऱ्या कंपन्या आहेत, म्हणजे ज्याला रजा नाही त्याच्या जागी मावशी जाऊ शकते. चार: त्याच समूहाच्या दुसऱ्या कंपनीत डिपॉझिट वळवता येईल का?

जे काही 'हो' मिळेल ते ई-मेलवर मागा. माझ्याशी तीन वेळा तीन वेगळी माणसं बोलली आणि क्रेडिटबद्दल तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या. तिसऱ्या फोनला मी म्हटलं, "हेच मला लिहून पाठवता का?" तेव्हा उत्तर बदललं.

क्रेडिट मिळालंच तर हुरळून जाऊ नका. त्याला मुदत असते, ते दुसऱ्याच्या नावावर करता येईलच असं नाही, आणि मुळात ते आपण कंपनीला दिलेलं बिनव्याजी कर्ज आहे. मुंबईहून २०१९मध्ये सुरू झालेली जलेश क्रूझेस ऑक्टोबर २०२०मध्ये बंद पडली. २०२२च्या सुरुवातीला गेंटिंग हाँगकाँग कोसळली, तिच्याबरोबर क्रिस्टलसारखी आलिशान कंपनीही थांबली. बंद कंपनीच्या क्रेडिटचं काय होतं हे वेगळं सांगायला नको.

हिशेब दोन रकान्यांत मांडा

इथे बहुतेकांची एकच चूक होते. डिपॉझिट 'बुडतंय' एवढंच डोळ्यांसमोर राहतं आणि माणूस जुन्या कंपनीला चिकटून बसतो. किंवा उलट, रागाने डिपॉझिटवर पाणी सोडतो आणि नवीन भाडं जास्त आहे हे नंतर कळतं. शेवटी खिशातून एकूण किती जाणार, तेवढंच बघायचं.

आमचे आकडे असे होते. राहिलो असतो तर जूनचं भाडं, कर आणि बंदर शुल्क धरून, माणशी ११२० डॉलर. सहा जणांचे ६७२०, वर बदलाचे ६००, म्हणजे ७३२०. मूळ भाडं माणशी ९०० होतं, यावर मी दोन दिवस हळहळले, पण तो दर गेला तो गेला. सोडलं तर नव्या कंपनीचं भाडं माणशी ९८५, सहा जणांचे ५९१०, अधिक बुडालेलं डिपॉझिट १५००. म्हणजे ७४१०. राहणं ९० डॉलरनी स्वस्त.

मग टिप्स आठवल्या. बोटीवर सेवकांची रोजची ठरावीक टिप बिलात आपोआप चढते, मोठ्या कंपन्यांत माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर. आमच्या जुन्या कंपनीत १८ होती, म्हणजे सहा जणांचे सात रात्रींचे ७५६. नव्या कंपनीत १६, म्हणजे ६७२. बेरीज केली: राहिलो तर ८०७६, सोडलं तर ८०८२.

फरक सहा डॉलरचा. कात्रज ते बार्सिलोना प्रवासात सहा डॉलर कुठे सांडतात ते कळतही नाही.

पण नव्या कंपनीचा ९८५चा दर डिपॉझिट परत मिळण्याचा होता, आणि पूर्ण पैसे मार्चच्या मध्यापर्यंत भरायचे होते. दादाची रजा फेब्रुवारीत ठरणार होती. जुन्या कंपनीत राहिलो असतो आणि फेब्रुवारीत तो म्हणाला असता 'जून नाही, जुलै', तर पुन्हा ६०० डॉलर आणि पुन्हा नवा दर. सहा डॉलरमध्ये ती टांगती तलवार उतरत होती. म्हणून सोडलं. फरक पाचशे डॉलरचा असता तर तोंड वाकडं करून राहिलेही असते, हेही खरं.

नवी कंपनी निवडताना आडनाव बघा

जिच्यावर चिडून बाहेर पडलो, तिच्याच चुलत बहिणीकडे जाणं सहज घडतं. कार्निव्हल कॉर्पोरेशनच्या घरात कार्निव्हल, प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका, कोस्टा, क्युनार्ड, सीबर्न. रॉयल कॅरिबियन समूहात रॉयल कॅरिबियन, सेलिब्रिटी आणि सिल्व्हरसी. नॉर्वेजियनच्या छत्राखाली ओशनिया आणि रीजंट. एमएससी जिनिव्हातल्या एका कुटुंबाची, तिचाच महागडा अवतार एक्सप्लोरा. घर एक म्हणून नियम एकच असतील असं नाही, पण स्वभावात साम्य असतं. उलट जुन्या कंपनीत जमवलेला दर्जा किंवा पॉइंट असतील तर बहिणीकडे गेल्याने फायदा होऊ शकतो. तो अगदी परक्या कंपनीतही होतो: दुसऱ्या क्रूझ कंपनीतलाच काय, हॉटेलातला दर्जाही मानायची पद्धत एमएससीने बरीच वर्षं चालवली आहे. जुन्या कार्डाचा फोटो ठेवा आणि बुकिंगच्या आधी विचारा.

नव्या कंपनीला मी बोटीवर किती रेस्टॉरंट आहेत ते नाही विचारलं. विचारलं ते असं: तारीख बदलली तर काय लागेल? नाव बदललं तर? भाडं उतरलं तर फरक मिळेल का, आणि कधीपर्यंत? एक माणूस गळाला तर? परतावा किती दिवसांत, आणि कार्डावर की क्रेडिट म्हणून?

भाड्याबाहेरचे खर्चही आत्ताच काढा. दारूचं पॅकेज घ्यायचं असेल तर काही कंपन्यांत एका केबिनमधल्या सगळ्या प्रौढांनी ते घ्यावं लागतं. म्हणजे नवऱ्याच्या दोन बिअरसाठी माझंही पॅकेज. आम्ही पॅकेज न घेता जेवढं पिऊ तेवढ्याचेच पैसे द्यायचं ठरवलं. वायफाय, बंदरापर्यंतची गाडी, ग्रीसला जाणार असाल तर जुलै २०२५पासून लागू झालेलं उतरण्याचं शुल्क, हे सगळं त्याच वहीत.

बंदर नकाशावर बघा, जाहिरातीत नाही

कंपनी बदलली की बंदर बदलतं, आणि बंदर बदललं की सगळंच हलतं. 'रोम' लिहिलेलं असतं, बोट मात्र चिव्हितावेक्कियाला असते. रोमपासून साधारण ८० किलोमीटर, ट्रेनने तासाभराच्या आसपास. 'व्हेनिस' तर त्याहून फसवं. २०२१च्या ऑगस्टपासून मोठ्या बोटींना व्हेनिसच्या मुख्य कालव्यांतून जायला बंदी आहे, त्यामुळे 'व्हेनिस' म्हणून विकलेली सफर कधी कधी रावेन्ना किंवा त्रिएस्तेहून निघते. पाच बॅगा आणि दोन ज्येष्ठ नागरिक घेऊन हे अंतर कापायचंय हे लक्षात ठेवा.

आमच्यासमोर दोन पर्याय होते. एक अथेन्सच्या पिरेयस बंदरातून सॅन्टोरिनीला जाणारा, दिसायला देखणा, शिवाय ३० डॉलरनी स्वस्त. वहिनीने फोटो पाठवून पाठवून ग्रुप भरला. पण सॅन्टोरिनीला बोट धक्क्याला लागत नाही. ती खोल पाण्यात थांबते, आपण लहान होडीत उतरायचं. हलत्या होडीत पाय टाकताना दोन खलाशी दंडाला धरतात आणि लाट वर आली की 'आता' म्हणतात. वर गावात जायला केबल कार किंवा सहाशेच्या आसपास पायऱ्या. बाबांचा उजवा गुडघा मागच्या पावसाळ्यापासून बोलतोय. मी ग्रुपवर एवढंच लिहिलं, "बाबांना दंड धरलेला आवडेल का?" विषय संपला. आम्ही चिव्हितावेक्कियाहून पश्चिमेला जाणारी, सगळीकडे धक्क्याला लागणारी सफर घेतली. बोट धक्क्याला न लागता होडीने उतरावं लागणार असेल, तर ते सफरीच्या तपशिलात 'टेंडर' या शब्दाने कळतं. तो शब्द शोधा.

बदलाचा क्रम

हा क्रम चुकवू नका. आधी नव्या केबिन 'होल्ड'वर ठेवायला सांगा. अनेक एजंट आणि काही कंपन्या एक-दोन दिवस पैसे न घेता ठेवतात. मग जुन्या कंपनीकडून ई-मेलवर घ्या: आज रद्द केलं तर नेमके किती कापणार, किती परत, कुठे परत. मग नव्या बुकिंगचं डिपॉझिट भरा आणि त्याचं कन्फर्मेशन नीट वाचा: नावं पासपोर्टप्रमाणेच आहेत का, दर परत मिळणाराच आहे का. त्यानंतर जुनं रद्द करा आणि रद्द केल्याचा नंबर जपून ठेवा. पूर्ण पैसे भरून झालेले असतील तर लक्षात असू द्या, भाडं कापलं तरी न झालेल्या प्रवासाचे कर आणि बंदर शुल्क सहसा परत मिळतात. न मागता मिळाले तर ठीक, नाहीतर मागा.

व्हिसा, विमान, विमा

आम्ही अजून व्हिसाचे अर्ज केले नव्हते, हे नशीब. शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा अर्ज जिथे सर्वांत जास्त मुक्काम त्या देशाकडे करायचा, आणि मुक्काम समान असतील तर जिथे पहिलं पाऊल टाकणार त्या देशाकडे. आधी बार्सिलोनातले दिवस धरून स्पेन होता, म्हणजे बीएलएस या व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीचं केंद्र. नव्या सफरीत आधी रोममध्ये तीन रात्री, शिवाय बोटही इटलीच्याच बंदरांना जास्त वेळा लागणार, म्हणून इटली, म्हणजे व्हीएफएस ही तसलीच दुसरी कंपनी. कागद तेच, दार वेगळं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. बोट मध्येच शेंगेनबाहेर जाऊन परत येणार असेल, उदाहरणार्थ तुर्कस्तानातलं कुशादासी किंवा मॉन्टेनेग्रोतलं कोटोर, तर अनेक प्रवेशांचा व्हिसा लागतो. क्रोएशिया मात्र १ जानेवारी २०२३पासून शेंगेनमध्ये आलाय, त्यामुळे दुब्रोव्हनिकची चिंता नाही. व्हिसा आधीच हातात असेल आणि मार्ग बदलला असेल, तर नवं बुकिंग बरोबर ठेवा आणि त्या दूतावासाला ई-मेल करून विचारून घ्या.

विमानाचं तिकीट सगळ्यात शेवटी काढा. व्हिसाच्या अर्जाला आरक्षण दाखवलं तरी चालतं. पोचायचं बोटीच्या किमान एक दिवस आधी, कारण बोट कोणासाठी थांबत नाही.

विम्यात दोन जागा तपासा. शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतंच. पण क्रूझ त्यात धरलीय का, हे वेगळं विचारावं लागतं. आणि 'रजा मिळाली नाही' हे कारण आपल्याकडच्या विम्यात बहुतेक बसत नाही. आजारपण किंवा कुटुंबातला मृत्यू अशी लिहिलेलीच कारणं चालतात.

पैसे परत येताना

डॉलरमध्ये कार्डाने भरलेलं डिपॉझिट फुकट नसतं. बँक साधारण दोन ते साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे परकीय चलनातल्या खर्चावरची फी, लावते, त्यावर १८ टक्के जीएसटी. साडेतीन टक्क्यांच्या कार्डावर १५०० डॉलरमागे सुमारे ६२ डॉलर. परतावा आला तरी हा भाग सहसा येत नाही, आणि परत येतो तो त्या दिवशीच्या दराने. म्हणून आता नव्या डिपॉझिटसाठी मी कमी मार्कअपचं कार्ड वापरलं. भारतातल्या एजंटकडून पॅकेज घेतलं तर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आपल्याकडून आधीच गोळा केलेला आयकर, लागतो. तो ज्याच्या पॅनवर जमा होतो, त्यालाच विवरणपत्रात वळता करून मिळतो. आई-बाबांचे पैसे तुमच्या नावावर भरणार असाल तर हे आधी ठरवा. आणि पॅकेज रद्द झालं तर आपल्या नावावर जमा झालेल्या कराच्या पत्रकात, म्हणजे २६एएसमध्ये, ती रक्कम दिसतेय का बघा.

लेखी कबूल केलेला परतावा येत नसेल तर आधी ई-मेल, मग कार्डाच्या बँकेकडे वाद नोंदवणं, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. परदेशी कंपनीपेक्षा इथल्या एजंटविरुद्ध ती तडीस नेणं सोपं. दादासारख्या अमेरिकेतून बुकिंग करणाऱ्यांना आणखी एक आधार आहे: तिथल्या बंदरातून निघणारी सफर कंपनीनेच रद्द केली किंवा तीन दिवस किंवा जास्त लांबवली, तर परतावा मागायचा हक्क आहे. आपण स्वतः रद्द केली तर नाही.

नव्या कंपनीला काही माहीत नसतं

जुन्या बुकिंगला जोडलेलं सगळं तिथेच राहिलं: एकत्र टेबल, शेजारच्या केबिन, आईचं जेवण. नव्या कंपनीकडे हे पुन्हा नोंदवा, आणि तीनही बुकिंग एकमेकांना जोडायला सांगा, नाहीतर दादा पहिल्या पंगतीत आणि आपण दुसऱ्या. खास आहाराची नोंद बऱ्याच आठवड्यांपूर्वी लागते. फॉर्ममध्ये 'शाकाहारी' आणि 'जैन' अशा खुणा होत्या. आई शेजारी बसून बघत होती. "एकादशी कुठे आहे यात?" तिने विचारलं. सफरीत एक एकादशी येत होती. मी शेरा लिहायच्या रकान्यात फळं, दही, उकडलेला बटाटा, शेंगदाणे असं लिहून पाठवलं. तीन दिवसांनी उत्तर आलं: फळं, दही आणि बटाटा मिळेल, शेंगदाणे ॲलर्जीमुळे देता येणार नाहीत. आईने शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा बॅगेच्या यादीत लिहून टाकला, गुळाच्या पोळीच्या वर. कोणते खाद्यपदार्थ बोटीवर नेता येतात, हा ई-मेल आता मला पाठवायचाय.